हाबांग डोहाच्या पलीकडची बाई

सातव्या महिन्याच्या आंघोळीला पापुयु मासे हवे होते, एवढंच निमित्त.

तुम्ही उद्या सकाळी हाबांगच्या डोहावर गळ टाकायला जायचं म्हणताय, म्हणून सांगते. नाहीतर हे मी कुणाला सांगत नाही. दिवा जरा अलीकडे घ्या. धुराच्या दिवसांत वीज अशीच जाते आणि लवकर येत नाही.

अकरा वर्षं झाली. त्या वर्षीही असाच धूर होता, याहून दाट. तीन महिने पावसाचा थेंब नाही. दलदल सुकून भेगाळलेली आणि जमिनीच्या पोटातच आग लागलेली. वर ज्वाळ दिसत नाही, पण पाय टेकाल तिथली माती कोमट. सूर्य पिकल्या सुपारीएवढा, सुपारीच्याच रंगाचा. त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता यायचं. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांना, भाताला, लेकरांच्या केसांना, सगळ्याला तो एकच वास. मी दिवसभर या इथेच ओसरीवर बसून लव्हाळ्याची चटई विणायची, तर नदीपलीकडची मशीद दिसत नव्हती. अजान मात्र ऐकू यायची, कुठूनशी.

सऊदा माझी आचिल. आचिल म्हणजे मावशी. पण ही माझ्या आईची शेंडेफळ बहीण, माझ्याहून सहाच वर्षांनी मोठी. दोघी एकाच चटईवर वाढलो. मी चाळिशीला टेकले, मला सून आली, तरी ती मला ‘आलूह’च म्हणायची, पोरी म्हणून. तिच्या जिभेला हाड नव्हतं. आणि गळ टाकण्यात तिचा हात धरणारं आमच्या गावात कुणी नव्हतं, पुरुषांतही नाही. बूच हललं की दुसरी बाई काठी ओढते. आचिल बूच हलायच्या आधी ओढायची. म्हणायची, “मासा तोंड उघडतो ना, ते मला मनगटात कळतं.”

तिची मुलगी मस्तुरा पोटुशी होती. आधीची दोन राहिली नव्हती. हे तिसरं सातव्या महिन्यापर्यंत आलं, त्यामुळे घरात सगळे दबक्या पावलांनी वागत होते. गुरुवारी तिची आंघोळ ठरलेली. पिवळा भात, एकेचाळीस प्रकारचे गोड पदार्थ, सगळं ठरलं. फक्त मासे नव्हते. धुरामुळे पोरीच्या पोटात काही ठरत नव्हतं, निखाऱ्यावर भाजलेला पापुयु तेवढा दोन घास खायची. आणि गावाजवळचे सगळे डोह लोकांनी केव्हाच उपसून काढलेले.

“हाबांगला जाऊ,” मंगळवारी संध्याकाळी आचिल म्हणाली.

“तिथे कुणी जात नाही, आचिल.”

“म्हणून तर मासे असतील. तुझ्या डोक्यात काय तूस भरलंय?”

“लांब आहे.”

“लांब आहे! नवरा वल्हवत असला की बाजार बरा जवळ येतो तुला.”

आता एक नीट ऐका. हाबांगला कुणी जात नव्हतं ते खरंच लांब म्हणून. वाटेत दोन ठिकाणी होडी चिखलातून ओढून न्यावी लागते म्हणून. त्या डोहाबद्दल कसली गोष्ट नव्हती. तिथे कुणी बुडालं नव्हतं. म्हाताऱ्या माणसांनी कधी ‘तिकडे जाऊ नका’ म्हटलं नव्हतं. नंतर मी सगळ्यांना खोदून खोदून विचारलं. कुणालाच काही माहीत नव्हतं.

बुधवारी पहाटेची नमाज झाली आणि निघालो. आचिलची होडी, आचिल मागे, मी पुढे. तोंडाला ओला फडका बांधलेला, चेहऱ्याला तांदळाच्या पिठाचा थंड लेप, डोक्यावर पानांची परातीएवढी टोपी. आमच्याकडच्या सगळ्याच बायका उन्हात निघाल्या की अशाच दिसतात. उजाडलं म्हणायचं, पण उजेड कुठल्या बाजूने आला ते कळलं नाही. कालव्याचं पाणी इतकं खाली गेलेलं की दोन्ही काठ डोक्याच्या वर. होडी पुढे जायची आणि धूर तेवढाच मागे सरायचा. सारखं वाटायचं की आपण जागच्या जागी वल्हं मारतोय.

आचिलचं तोंड चालूच होतं. “मस्तुराला मुलगी झाली तर नाक माझं यायला पाहिजे. जावयाचं आलं तर मी ते बांबूच्या चिमट्याने दाबत बसेन. त्याचं नाक बघितलंयस? पाण्यात उभा राहिला तर बगळा येऊन बसेल.”

मी हसून हसून खोकले. ते हसणं मला पुष्कळदा आठवतं.

पोचायला दोन तास लागले. आता तुम्ही बघालच, म्हणजे गेलात तर, डोह गोल आहे. दोरीने आखल्यासारखा. आजूबाजूला पांढऱ्या सालीची झाडं, खालची बरीच जळून खुंट झालेली. पाणी उकळून आटवलेल्या चहासारखं, काळं-तांबडं. हात बुडवला तर मनगटापर्यंत लालसर दिसतो, मग दिसत नाही. मधलं अंतर असेल चाळीस-पन्नास हात. समोरचा काठ धुरात जेमतेम, खडूच्या पुसट रेघेसारखा.

तोंडावरचे फडके गळ्यात ओढून आम्ही काठावर बसलो. आचिल एका जळक्या खुंटाजवळ, मी तिच्या डाव्या हाताला चार-पाच हातांवर. तांबड्या मुंग्यांची अंडी गळाला लावली. आणि काय सांगू, पाण्यात गळ पडायचा अवकाश. तळहाताएवढे पापुयु. जाड, काळेशार. तुम्हाला माहीत असेल, हा मासा टोपलीत मुकाट्याने मरत नाही. कल्ल्यांवर अंग टेकत चालत राहतो, टोपलीच्या वेतावर खरवडत राहतो. खर्रर्र खर्रर्र आवाज सतत. आमच्या दोन टोपल्यांचा तो आवाज आणि मधूनच जमिनीच्या पोटात कुठेतरी मूळ जळून तुटल्याचा ‘टच्’, एवढंच. पक्षी नाही. किडा नाही.

नऊ-साडेनऊ झाले असतील. आचिलचे अठ्ठावीस झाले होते, माझे सतरा.

“कोण गं ती?” ती म्हणाली.

मी वर बघितलं. समोरच्या काठावर, बरोबर आचिलच्या समोर, एक बाई बसली होती. टोपी, काठी, गुडघे वर घेऊन बसलेली. धूर जरा विरळ झाल्यावर दिसली. म्हणजे आधीपासून असेल असं मला वाटलं.

“ओ बाई!” आचिलने हाक मारली. “कुठल्या तुम्ही? पलीकडून वाट आहे का?”

समोरची टोपी जराही हलली नाही.

“बहिरी दिसतेय. नाहीतर मिजासखोर.” आचिलने काठी उचलली, मासा काढला, टोपलीत टाकला. मी सहज समोर पाहत होते. त्या बाईनेही काठी उचलली. मासा काढला. टोपलीत टाकला.

लागला असेल तिलाही. पण पुढच्या वेळी तसंच झालं. आणि त्याच्या पुढच्या वेळी.

आचिलच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. ती मजेत आली. “आलूह, बघ हं.” तिने टोपी डावीकडे कलती केली. दोन श्वास गेले असतील. समोरच्या बाईने टोपी कलती केली. आचिलने मान खाजवली. तिने खाजवली. आचिलने जीभ बाहेर काढून कान धरले, तेव्हा मात्र धुराची एक लाट मध्ये आली आणि पलीकडे काय झालं ते दिसलं नाही.

“माझी नक्कल करते बया! थांब, येतेच आता तिकडे आणि...”

“आचिल, नको. वेडीबिडी असेल.”

“वेडी असली तरी मासे धरते ना? मग शहाणीच.”

मीही हसले. पण हसताना एक गोष्ट मनात आली आणि हसू तोंडातच राहिलं. प्रतिबिंब असेल म्हणावं, धुरात दिसतं काहीबाही, तर मग माझ्यासमोर कुणी का नव्हतं? आम्ही दोघी होतो. पलीकडे ती एकटी होती. माझ्यासमोरचा काठ रिकामा होता.

मी गळ टाकायचं विसरून तिच्याकडेच बघत राहिले. चेहऱ्यावर पांढरा लेप. टोपीच्या सावलीत तो लेप तेवढा दिसायचा, डोळ्यांच्या जागी काही नाही. इतक्या लांबून दिसणारही नाही म्हणा. तिच्या गळाने पाणी हलत नव्हतं. मासा वर निघाला तरी वर्तुळ उठत नव्हतं.

आचिल आता तिला विसरली होती. मासे मोठे येत होते, तिचं मनगट रंगात आलं होतं. ती उचलायची, आणि समोर... आधी दोन श्वासांचं अंतर होतं. मग एका श्वासाचं झालं. मग बघता बघता दोन्ही काठ्या एकदम वर जाऊ लागल्या. एकाच हाताने हलवल्यासारख्या.

“आचिल, निघूया आपण.”

“अजून दहा. चाळीस झाले की निघू.”

“माझे धरून चाळीसच्या वर झालेत.”

“तुझे गं कसले? तुझे बारके. पोरीच्या आंघोळीला येणाऱ्या बायका काय काटे चघळतील?”

मी पुन्हा गळाला अंडी लावली. तिच्यापुढे माझं कधी चाललं नव्हतं. आणि दिवसाचे दहा वाजले होते. दिवसाच्या दहा वाजता माणूस कशाला घाबरतंय, हे स्वतःलासुद्धा सांगायला लाज वाटते.

मग ते झालं. समोरच्या बाईने काठी उचलली. आचिलची काठी अजून खाली होती, बूच स्थिर होतं. समोरचीने मासा काढला, टोपलीत टाकला, फडक्याला हात पुसला. आणि तेव्हा आचिलचं बूच बुडालं. तिने काठी उचलली, मासा काढला, टोपलीत टाकला, हात पुसला.

म्हटलं, योगायोग.

समोरची खोकली. तोंडासमोर मूठ धरून दोनदा. आवाज आला नाही. एक श्वास गेला आणि आचिल खोकली. तोंडासमोर मूठ धरून, दोनदा.

“आचिल... ती आता तुझ्या आधी करतेय.”

“काय?”

“आधी ती नक्कल करत होती. आता ती आधी करते आणि तू मागून.”

“धुराने डोकं फिरलंय तुझं.” ती माझ्याकडे बघून बोलत होती. समोर बघत नव्हती, हे महत्त्वाचं. तिची पाठच होती म्हणा ना त्या बाजूला. मी तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होते. तिथे त्या बाईने हात झटकला आणि अंगठा तोंडात घातला.

“तुला सांगते आलूह, तू लहानपणापासून अशीच भित्... आई गं!”

टोपलीतल्या माशाचा काटा तिच्या अंगठ्यात घुसला होता. तिने हात झटकला आणि अंगठा तोंडात घातला.

मी उठून उभी राहिले. नक्कल करता येते. पण काटा टोचणं हे काही कुणी करत नाही. ते होतं. आणि ते व्हायच्या आधी तिकडे झालेलं होतं.

त्याच वेळी माझ्या ध्यानात आलं की टोपल्यांचा आवाज थांबलाय. दोन्ही टोपल्या. पन्नासेक मासे, एकही खरवडत नव्हता. मी वाकून पाहिलं. मेले नव्हते. कल्ले हलत होते. सगळे एका दिशेला तोंड करून, एकमेकांना चिकटून गप्प बसले होते. डोहाकडे पाठ करून.

“चल,” मी म्हटलं. “आत्ताच्या आत्ता. काठी राहू दे, मासे राहू दे. चल.”

आचिलने माझ्याकडे पाहिलं. तिलाही काहीतरी जाणवलं असावं. मस्करी करायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग पहिल्यांदाच ती वळली आणि समोर नीट बघत राहिली.

समोरच्या बाईने काठी गवतावर ठेवली. टोपी काढून काठीशेजारी ठेवली. चपला काढल्या, जोडीने नीट लावल्या. मग ती काठ उतरली आणि पाण्यात आली.

घोट्याएवढं. गुडघ्याएवढं. पाण्यावर एक सुरकुती नाही. चालत होती तीही घाईने नाही. दळण आणायला निघालेल्या बाईसारखी.

माझ्या शेजारी आचिलने काठी गवतावर ठेवली.

“आचिल!”

तिने टोपी काढली. चपला काढायला लागली. मी तिचे दोन्ही हात धरले. हात गार नव्हते, कडक नव्हते. नेहमीचे आचिलचे हात होते, माशाच्या बुळबुळीचे. तिचा चेहरा बघाल तर... ती शुद्धीत होती हो. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

“आचिल, कुठे जातेस? बस खाली!”

“मी कुठे जातेय,” ती कुजबुजली. “मी नाही जात... पाय जातायत. आलूह, धर मला... पायच जातायत गं...”

मी तिच्या कमरेला मिठी मारली आणि मागे ओढलं. ती माझ्याहून दांडगी. तिने जोर लावला नाही, मला ढकललं नाही. नुसती चालत राहिली, आणि मी तिच्यामागे चिखलात फरफटत गेले. तिचा पाय पाण्याला लागला. समोरची कमरेएवढ्या पाण्यात होती.

मी तिच्या पायात पाय घातला. दोघी आडव्या पडलो. पडल्यावरसुद्धा तिचे पाय हलत होते, चालल्यासारखे. मी माझं लुंगडं फेडलं, पिळून त्याची दोरी केली, तिच्या काखेतून घातली आणि दुसरं टोक त्या जळक्या खुंटाला बांधलं. एक गाठ, दोन गाठी, तीन. खुंट हाताला चटका देत होता, आतून अजून गरम होता. मग मी तिच्या पायांवर बसले. कलमा म्हणत होते की नुसतं आ आ करत होते, आठवत नाही.

एकदा समोर पाहिलं. ती गळ्याएवढ्या पाण्यात उभी होती. पुढे येत नव्हती. पांढरं तोंड तेवढं पाण्यावर, ताटलीसारखं. मग धुराचा मोठा लोट आला आणि पलीकडचं काही दिसेनासं झालं.

थोड्या वेळाने आचिलचा श्वास अडला. कोरड्या जमिनीवर. तोंड उघडं, छाती वर-खाली होत होती, पण आत हवा जात नव्हती. नाकातून पाणी यायला लागलं. तिचा चेहरा निळा पडला. मी तिला उलटी केली, पाठीवर बुक्क्या मारल्या, पोट दाबलं. तिच्या तोंडातून पाणी आलं. काळं-तांबडं, डोहातलं. ओंजळभर नाही, तांब्या-दोन तांबे. बरोबर चिखल, कुजकी पानं. तिचे केस कोरडे होते. पदर कोरडा होता.

मग तिने एक मोठा श्वास घेतला, इतका मोठा की घशात शिट्टी वाजली. पाय थांबले. डोळे उघडले, आणि ती मला ओळखून म्हणाली, “उठ गं माझ्या पायांवरून. हत्तीण झालीयस नुसती.”

मी रडायला लागले. तिचं तोंड कुरवाळत बसले. ती म्हणाली, “काय झालं? मी पडले का?”

मी तिला होडीत घातलं, तशीच, अर्ध्या कपड्यांत. काठ्या, टोप्या, टोपल्या, सगळं तिथेच टाकून वल्हं मारत सुटले. चिखलाच्या दोन्ही जागी होडी एकटीने ओढली. कशी ओढली, अल्ला जाणे. मागे वळून एकदाही बघितलं नाही.

घरी सांगितलं, धुराने चक्कर आली. गुरुवारची आंघोळ झाली. मासे शेजारणीने दिले. आचिलने लेकीच्या डोक्यावर पाणी घातलं, नारळ फोडला, बायकांची टिंगल केली. दोन महिन्यांनी मस्तुराला मुलगी झाली. अकरा वर्षांची आहे आता. नाक आजीचंच आहे.

आचिल अगदी चांगली राहिली. तुम्हाला वाटत असेल मी सांगेन ती बदलली, जेवेनाशी झाली, रात्री उठून चालायला लागली. तसलं काही नाही. तशीच खाते, तशीच बोलते, कुणाला सोडत नाही. गळ तेवढा पुन्हा धरला नाही. कुणी विचारलं तर म्हणते, “मनगट गेलं.” त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. मला वाटलं, तिला आठवतच नाही. मला ते बरंच होतं.

गेल्या वर्षी आमच्याकडे मोहरमची खीर होती, भाज्या घालून शिजवतात ती खारी. सगळ्या बायका अंगणात, मोठी कढई चुलीवर. मी आणि आचिल इथे मागच्या बाजूला भोपळा चिरत बसलो होतो. दुपारची वेळ. लख्ख ऊन. तिने सुरी खाली ठेवली.

“आलूह,” ती म्हणाली, “एक विचारू?”

“विचार की.”

“त्या दिवशी हाबांगला... तू कुणाला बांधत होतीस गं?”

मला वाटलं, मस्करी. “तुला, आणि कुणाला?”

तिने मान हलवली. माझ्याकडे बघत नव्हती; भोपळ्याच्या बिया बोटाने एका रांगेत लावत होती.

“मी पाण्यात होते,” ती म्हणाली. “गळ्याएवढ्या. गार पाणी. समोरच्या काठावर तू होतीस. तू कुणाला तरी खुंटाला बांधत होतीस, तिच्या पायांवर बसली होतीस. मी तुला हाका मारल्या. घसा फुटेपर्यंत मारल्या. आलूह, मी इकडे आहे... आलूह, मी इकडे आहे... तू मान वर केली नाहीस.”

“आचिल, तू बेशुद्ध होतीस. भास झाला तुला.”

“झाला असेल,” ती म्हणाली, आणि सुरी उचलून भोपळा चिरायला लागली. नेहमीसारखा, बारीक, एकसारख्या फोडी. जरा वेळाने म्हणाली, “मीठ कमी घाल हो. गेल्या वर्षी समुद्र केला होतास.” आणि हसली. आमच्या आचिलचंच हसू.

मी तिला भास म्हटलं. तिने ते मानलं. तो विषय तिथे संपला.

पण मघाशी तुम्हाला सांगताना मी एक गोष्ट गाळली. इतकी वर्षं गाळत आले, नवऱ्यालासुद्धा सांगितली नाही. धुराचा तो लोट आला आणि पलीकडचं दिसेनासं झालं, तेव्हा मी तिसरी गाठ पुन्हा आवळत होते. आचिल माझ्या हाताखाली पडलेली होती, तोंड मिटलेलं. आणि धुरातून, पाण्यावरून हाका येत होत्या. आलूह... आलूह, मी इकडे आहे... आचिलचाच आवाज. तोच, थोडा बसका. शेवटी शेवटी रडत होती.

मी ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं.

माझ्या हाताला जे लागतंय तेच खरं, असं मी ठरवलं. दुसरं काय करायचं माणसाने, सांगा? मी मान वर केली नाही. गाठ आवळली. हाका थांबेपर्यंत आवळत राहिले.